भिंगरीचे जड झालेले सुकाणू

मालाडच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे भिंतीला टेकून मी उभे आहे. घरी पाहुणे येतात, मला पाहतात आणि विचारतात, "ही कसली फळी?" घरातले कोणीतरी सांगते, "होडीचं सुकाणू आहे." पाहुणे "अच्छा" म्हणतात आणि चहाकडे वळतात.

मित्रांनो, होडीच्या मागच्या टोकाला, पाण्यात उभी बुडालेली जी फळी असते ती म्हणजे मी. माझ्या डोक्यावर एक लांब दांडा असतो. होडीत बसलेला माणूस तो दांडा एका बाजूला ढकलतो, पाण्यातले माझे पाते दुसऱ्या बाजूला वळते आणि त्याप्रमाणे सगळी होडी वळते. वेग शिडाचा असतो, पण जायचे कुठे हे दांड्यावरचा हात ठरवतो. म्हणून आम्हा सुकाणूंची ओळख चेहऱ्यांपेक्षा हातांशी जास्त असते. माझी ज्या हाताशी सर्वांत जास्त ओळख होती, त्या हाताची ही गोष्ट आहे.

मला घडवले सहदेवने. सहदेव वेंगुर्ल्याकडचा. त्याचे आजोबा गावात होड्या बांधत. तो स्वतः मात्र मुंबईला येऊन गिरणीत लागला. गिरण्यांचा संप लांबत गेला आणि गिरणी सुरू होण्याची आशा सुटली, तेव्हा त्याला अंधेरीच्या एका कारखान्यात सुतारकाम मिळाले. त्याच कारखान्यात विद्याधर सबनीस नकाशे काढण्याच्या खात्यात होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत विद्याधर सहज म्हणाले, "सहदेव, लहानपणापासून मला एक शिडाची होडी हवी आहे. बांधता येईल का रे?"

सहदेवने हातातली भाकरी खाली ठेवली. "होडी बांधूक काय लागता? लाकूड आणि येळ. लाकडाचा मी बघतंय. येळ तू काढ."

विद्याधरांनी नकाशा काढला, सहदेवने लाकूड निवडले. जोगेश्वरीला सहदेवच्या चाळीमागे एक पडकी शेड होती. तिथे सगळा पावसाळा दोघे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी खपत होते. एका जुन्या दाराचे सागवान सहदेवला मिळाले होते. त्याचे तीन तुकडे जोडून त्याने मला तासले. माझी पुढची कड त्याने बोटासारखी गोल केली आणि मागची कड निमुळती ठेवली, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी सरळ निघून जावे. मला होडीला अडकवण्यासाठी पितळेच्या दोन बिजागऱ्या केल्या आणि त्यांतून एक उभी सळई ओवली. शेवटी दांडा बसवून त्याने एका बोटाने मला इकडून तिकडे हलवले. माझा आवाजही झाला नाही.

"असा होया," तो म्हणाला. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

होडीचे नाव 'भिंगरी' ठेवले. ते नाव विद्याधरांच्या पत्नीने, जयंतीबाईंनी सुचवले. होडी मार्व्याला, कोळीवाड्यातल्या एका अंगणात ठेवायची ठरली. थंडीच्या दिवसांत दर रविवारी सकाळी हे तिघे मालाडहून बसने मार्व्याला येत, होडी वाळूवरून पाण्यात ढकलत आणि खाडीतून मनोरीच्या बाजूला जाऊन दुपारच्या आत परत येत.

पहिल्या दिवशी दांडा विद्याधरांनी धरला. त्यांचा हात मला आठवतो. घट्ट, घामेजलेला, हुकूम सोडणारा. ते मला सारखे इकडेतिकडे ढकलत आणि भिंगरी दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात जाई. जयंतीबाईंनी दोन-चार झोकांड्या पाहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, मी बघू का जरा?"

"तुला जमणार नाही गं. वाऱ्याचा अंदाज लागतो."

"बघू तर द्या."

त्यांचा हात माझ्या दांड्यावर आला तो ऐकणाऱ्याचा हात होता. त्या अंधेरीच्या एका ऑफिसात टायपिस्ट होत्या. दिवसभर यंत्राच्या कळांवर फिरणारी ती बोटे होती, नेमकी आणि हलकी. शिडात वारा वाढला की दांड्यावर ओढ येते. त्या ओढीला त्या बोटे घट्ट न करता तेवढाच ताण देत. भिंगरी सरळ जाऊ लागली. मागे पाण्यावर एक रेघ उठत होती, पाटीवर पट्टीने ओढावी तशी.

सहदेवने त्या रेघेकडे पाहिले आणि विद्याधरांना म्हणाला, "तू आता शिडाची दोरी धर. ह्या काम वयनींचा."

विद्याधर हसले आणि त्यांनी जागा बदलली. त्या दिवसापासून दांडा जयंतीबाईंचा झाला. मनोरीच्या धक्क्यावर उभी असलेली माणसे बोट दाखवून म्हणत, बाई चालवते आहे बघ. खाडीतले मच्छीमार त्यांना हात करत. जयंतीबाई कोणाला उत्तर देत नसत, पण त्या वेळी दांड्यावरची त्यांची बोटे किंचित ताल धरत. त्यांना किती आनंद झाला आहे ते फक्त मला कळे.

मित्रांनो, तो माझा सुखाचा काळ होता. तो फार टिकला नाही.

खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या वस्तूची दरवर्षी थोडी काळजी घ्यावी लागते. पहिला हंगाम संपला तेव्हा सहदेवने मला काढून गोड्या पाण्याने धुतले, सावलीत वाळवले, बिजागऱ्यांना ग्रीस लावले. दुसऱ्या हंगामानंतर त्याची आई आजारी पडली आणि तो बरेच दिवस गावी गेला. जाताना त्याने विद्याधरांना बजावले, "सुकाणू काढून ठेव. तसाच सोडू नको."

"काढतो रे," विद्याधर म्हणाले.

त्यांनी काढले नाही. त्याच सुमारास त्यांना कारखान्यात बढती मिळाली होती, शिवाय ते इमारतीच्या सोसायटीचे चिटणीस झाले होते. पाण्याच्या टाकीचे काम निघाले होते. रविवार त्यात जात. मी पावसाळाभर होडीला तसेच लटकून राहिले. वर नुसती ताडपत्री होती. माझे सागवान पाणी पिऊन फुगले. वार्निशला चिरा पडल्या. पाण्यात बुडणाऱ्या भागावर खडबडीत शिंपल्यांचा थर आधीच बसला होता, तो तसाच राहिला. सळई एका ठिकाणी झिजून बारीक झाली आणि बिजागरीचे भोक लांबट झाले. कोणीतरी होडी वाळूवरून फरफटत ओढली, तेव्हा माझी खालची बिजागरी वाकली. आता दोन बिजागऱ्या एका रेषेत राहिल्या नव्हत्या. सळई त्यांच्यामध्ये अडकून बसे. कोणी दांडा ढकलला की मी आधी खडखडत असे, मग अडत असे आणि मग एकदम वळत असे.

थंडी आली. पहिल्याच रविवारी जयंतीबाई म्हणाल्या, "अहो, सुकाणू जड झालंय."

"पाऊसभर पडून होतं ना. चार फेऱ्या झाल्या की सुटेल."

मी सुटले नाही. पुढच्या रविवारी त्या पुन्हा म्हणाल्या. विद्याधरांनी दांडा हातात घेऊन पाहिला. खरोखरच जड होता. ते म्हणाले, "हो गं, जडच आहे. एक रविवार काढून नीट करतो."

सहदेव गावाहून परत आला तेव्हा त्यानेही मला हलवून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ह्याची वाट लागली मरे. विद्याधर, ह्या काम एका रविवाराचा असा. पुढच्या आयतवारी काढूया."

"पुढच्या रविवारी टाकीवाला येणार आहे. त्याच्या पुढच्या रविवारी नक्की."

त्याच्या पुढच्या रविवारी एक लग्न निघाले. मग कारखान्यात जादा काम आले. हवा चांगली असली की विद्याधरांना वाटे, आजचा दिवस दुरुस्तीत कशाला घालवा, फिरून येऊ. हवा वाईट असली की वाटे, आज मार्व्याला जायचेच कशाला. असा तो हंगाम गेला. आणि मित्रांनो, वाईट वाटते सांगायला, त्याच्या पुढचाही तसाच गेला.

त्या दोन वर्षांत जयंतीबाईंचा हात बदलत होता. सकाळी पहिल्यांदा दांडा धरताना त्यांची बोटे लवकर मिटत नसत. त्या दुसऱ्या हाताने ती बोटे हळूच दांड्याभोवती बसवत. कधी तळहाताने ढकलत, कधी मनगटाने. मला ते जाणवत होते. पण मी स्वतःच इतके अडत होते की, तो हात कशामुळे थकतो आहे हे मलाही नीट कळत नव्हते. विद्याधर विचारत, "हात दुखला का?" त्या म्हणत, "हे सुकाणू किती जड आहे, दुखणारच." आणि विद्याधर अपराधी चेहऱ्याने म्हणत, "करतो, करतो."

एकदा परत येताना त्या म्हणाल्या, "ऑफिसातलं यंत्रही तसंच झालंय. कळा दाबता दाबता जीव जातो."

"जुनं झालं असेल," विद्याधर म्हणाले. "साहेबांना सांग, नवीन द्या म्हणावं."

दुखण्याला एक कारण समोर दिसत होते. म्हणून दुसरे कारण कोणी शोधले नाही.

शेवटी एका दिवाळीनंतर विद्याधरांनी मनावर घेतले. एका शनिवारी ते आणि सहदेव मार्व्याला आले, सळई ठोकून बाहेर काढली आणि मला गोणपाटात गुंडाळून बसमध्ये चढवले. कंडक्टरने विचारले, "हे काय, दरवाजा आणलात की काय?"

"सुकाणू आहे," विद्याधर म्हणाले.

"मग मागे कशाला उभे? पुढे ड्रायव्हरला नेऊन द्या."

सगळी बस हसली. विद्याधरही हसले. फार दिवसांनी ते इतके मोकळे हसत होते.

इमारतीच्या गच्चीवर माझी दुरुस्ती सुरू झाली. ती तुम्हाला सांगते, कारण तिच्यात अवघड असे काहीच नव्हते. आधी त्यांनी लाकडी पाचर घेऊन शिंपल्यांचा थर खरवडला. लोखंडी पटाशी वापरली नाही, कारण तिने लाकडाला खड्डे पडतात. मग गोड्या पाण्याने मला पुन्हा पुन्हा धुतले, म्हणजे लाकडात मुरलेले मीठ निघावे. आठवडाभर सावलीत उभे ठेवले. उन्हात ठेवले असते तर मी तडकले असते. पूर्ण वाळल्यावर आधी जाड आणि मग बारीक पॉलिशपेपरने घासले. चिरांमध्ये सागाचाच बारीक भुसा आणि चिकटद्रव्य मिसळून भरले. फुगून बोथट झालेली मागची कड पुन्हा निमुळती केली. त्यावर वार्निशचे हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा.

सहदेवने वाकडी बिजागरी ठोकून सरळ केली. दोन्ही बिजागऱ्या एका रेषेत आहेत की नाहीत हे त्याने दोरीला वजन बांधून, ओळंबा धरून तपासले. लांबट झालेल्या भोकात पितळेची छोटी नळी बसवली. सळई नवीन घातली. दोन धातू एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये नायलॉनच्या पातळ चकत्या कापून टाकल्या आणि ग्रीस लावले. दांड्याचा सैल झालेला बोल्ट आवळला. शेवटी विद्याधरांनी स्वतः दांड्याला सुती दोरी गुंडाळली, शेजारी शेजारी, एकही वेढा दुसऱ्यावर न चढवता.

"जयंतीला धरायला बरं पडेल," ते म्हणाले.

जयंतीबाई चहा घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले. ठेवताना एक कप बशीवर आपटला आणि चहा सांडला. "अगं हळू," विद्याधर माझ्याकडेच पाहत म्हणाले. दोरीचा शेवटचा वेढा ते ओढून घेत होते.

पुढच्या रविवारी मला भिंगरीला लावले. विद्याधरांनी करंगळीने दांडा हलवला. मी वळले, अगदी पहिल्या दिवसासारखे, आवाज न करता. सहदेवने पण हलवून पाहिले आणि मान डोलावली. विद्याधरांच्या चेहऱ्यावर एखाद्याला भेट देताना असते तसे हसू होते. "ये," ते जयंतीबाईंना म्हणाले. "आता बघ."

जयंतीबाई बसल्या. त्यांनी बोटे दांड्यावर ठेवली. मित्रांनो, त्या क्षणी मला कळले. आता माझ्यात खडखड नव्हती, अडणे नव्हते, शिंपले नव्हते. दांड्यावर येणारे जे काही होते ते फक्त त्यांच्या हातातून येत होते. आणि त्या हातात जोर नव्हता. बोटांचे सांधे सुजलेले होते. ती बोटे दोरीभोवती पुरती मिटलीच नाहीत.

"कसं वाटतंय?" विद्याधरांनी विचारले.

त्यांनी तळहाताने दांडा एकदा इकडून तिकडे नेला. मग म्हणाल्या, "छान झालंय. हलकं झालंय अगदी."

मला ओरडून सांगावेसे वाटले. पण सुकाणूला वळता येते, बोलता येत नाही.

आम्ही खाडीत आलो. वारा सुरुवातीला कमी होता. विद्याधर शिडाची दोरी धरून बसले होते, सहदेव पुढे होता. मनोरीकडून माणसांनी भरलेली लाँच निघाली होती. ती आमच्या डाव्या हाताने बरेच अंतर ठेवून जाणार होती. घाबरण्यासारखे काही नव्हते. तेवढ्यात डावीकडूनच वाऱ्याचा मोठा झोत आला. भिंगरी कलली. होडी अशी कलली की आपोआप वाऱ्याच्या दिशेला तोंड फिरवू लागते. त्या वेळी दांडा आपल्याकडे ओढून धरावा लागतो. जयंतीबाईंना हे पाठ होते. कितीतरी वेळा त्यांनी ते सहज केले होते.

त्यांनी ओढले. बोटे उघडली. दांडा त्यांच्या हातातून सुटला.

भिंगरी गर्रकन फिरली आणि सरळ लाँचच्या वाटेत जाऊन उभी राहिली. लाँचवरची माणसे ओरडली. "जयंती, ओढ!" विद्याधर म्हणाले. जयंतीबाईंनी दांड्यावर मनगट टाकले, कोपर टाकले. सहदेव पुढून झेपावत आला, त्याने विद्याधरांच्या हातातली दोरी सोडवली, शीड मोकळे फडफडू लागले आणि त्याने पायाने माझा दांडा रेटला. लाँचवाल्याने इंजिन उलटे फिरवले. लाँचची कड आमच्या बाजूला घासत गेली. एक फळी तडकली. भिंगरीत गुडघ्याएवढे पाणी आले. पण कोणी पाण्यात पडले नाही. लाँचवाला पुढे जाताना जे बोलला ते मी इथे सांगत नाही.

पाणी उपसून होडी किनाऱ्याकडे वळवली. दांडा सहदेवकडे होता. मग विद्याधर म्हणाले, "अगं, काय झालं? आता तर जड नव्हतं ना?"

"मी ओढत होते," जयंतीबाई म्हणाल्या.

"पण हलकं झालंय म्हणालीस."

"तुम्ही एवढं केलंत. ती दोरी गुंडाळत बसलात. कसं सांगणार होते?" त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. "मला वाटत होतं, सुकाणू दुरुस्त झालं की माझा हात दुखायचा थांबेल. मी त्याचीच वाट बघत होते. आज धरलं तेव्हा कळलं की ते नाही, मीच आहे."

विद्याधरांनी ते हात आपल्या हातात घेतले. भिंगरी बांधायला घेतल्यापासून त्यांनी माझ्या दांड्याकडे पुष्कळदा पाहिले होते. त्या बोटांकडे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. दोन बोटे थोडी बाहेरच्या बाजूला झुकली होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारले.

"जड लागायला लागलं तेव्हापासून."

दुसऱ्या दिवशी ते त्यांना घेऊन डॉक्टरकडे गेले. तिथून मोठ्या इस्पितळात. रक्त तपासले, हातांचे फोटो काढले. लहान सांध्यांचा संधिवात निघाला. हे मला पुढे गॅलरीत कळले, कारण तडकलेल्या फळीमुळे भिंगरी शेडमध्ये गेली आणि मला विद्याधरांनी घरी आणून ठेवले होते. निदान झाले त्या संध्याकाळी ते दोघे गॅलरीत बसले होते.

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना," विद्याधर म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंचसं थोपवता आलं असतं म्हणे. आता आहे तेवढं सांभाळायचं."

"ऐकलं."

"मी तेव्हाच हे सुकाणू नीट केलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं. एका रविवाराचं काम होतं जयंती. एका रविवाराचं."

 खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. मग जयंतीबाई म्हणाल्या, "मी पण सांगितलं नाही. सकाळी वेणी घालताना बोटं वळायची नाहीत. तिथे कुठे सुकाणू होतं? कळायला हवं होतं मला. पण आपलं काही दुखतंय म्हणण्यापेक्षा सुकाणू जड आहे म्हणणं सोपं वाटायचं."

त्या असे म्हणाल्या, पण त्याने विद्याधरांचे समाधान झाले नाही. माझेही झाले नाही. मी जड नसते तर त्या बोटांचे दुखणे माझ्याआड लपले नसते. मी मुद्दाम काही केले नव्हते, पण घडले माझ्याआडच.

औषधे सुरू झाली. गरम पाण्यात हात बुडवून बसणे सुरू झाले. सूज उतरली, दुखणे कमी झाले, पण वाकलेली बोटे सरळ झाली नाहीत. ऑफिसात त्यांना टाइपरायटरवरून काढून टपाल नोंदवण्याच्या टेबलावर बसवले. त्या म्हणत, बरे आहे, साहेबांची बोलणी ऐकावी लागत नाहीत. हसत म्हणत, पण शेजारच्या टेबलावरून कळांचा आवाज आला की त्या मान वर करून पाहत, असे त्यांच्या एका मैत्रिणीने घरी येऊन सांगितले.

भिंगरीची फळी सहदेवने बदलली. तो एकदा घरी आला आणि म्हणाला, "वयनीनू, चला एकदा. दांडो मी धरतंय. तुम्ही नुसत्या बसा."

"नको रे सहदेव," जयंतीबाई म्हणाल्या. "नुसतं बसायला मला आवडायचं नाही."

त्याने पुन्हा आग्रह केला नाही. विद्याधरांनी होडी त्यालाच देऊन टाकली. सुकाणू मात्र दिले नाही. सहदेव काय समजायचे ते समजला. त्याने भिंगरीसाठी नवे सुकाणू तासले, आणि ऐकते त्याप्रमाणे ते चांगले झाले आहे. खाडीत भिंगरी अजून दिसते म्हणतात. मला मत्सर वाटत नाही. दुःख वाटते ते वेगळ्या गोष्टीचे.

दर दिवाळीनंतर विद्याधर मला गॅलरीतून गच्चीवर नेतात. घासतात, वार्निश देतात, बिजागऱ्यांना ग्रीस लावतात. मला पाण्याचा स्पर्श नाही, मीठ लागत नाही, माझ्यावर शिंपले बसत नाहीत. माझ्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. तरी ते करतात. गेल्या खेपेला जयंतीबाई जिन्याने सावकाश वर आल्या आणि त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या.

"पुरे की आता," त्या म्हणाल्या. "त्याला काही झालेलं नाहीये."

"माहीत आहे," विद्याधर म्हणाले आणि घासत राहिले.

अलीकडेच एक छोटी गोष्ट घडली. पावसाळ्याचे दिवस होते. जयंतीबाई आतून म्हणाल्या, "अहो, ही गॅलरीची खिडकी फार घट्ट झालीय." विद्याधर वर्तमानपत्र टाकून उठले. आधी त्यांनी बायकोचे हात हातात घेतले, एकेक सांधा दाबून विचारले, इथे दुखते का, इथे दुखते का. त्या हसू लागल्या. "अहो, खिडकी खरंच फुगलीय. बघा तरी." मग त्यांनी खिडकी पाहिली. ती खरोखरच फुगली होती. त्यांनी तेव्हाच रंधा काढला, कड तासली, बिजागऱ्यांना तेल दिले आणि ती उघडून मिटून दाखवली. तोपर्यंत जेवण थंड झाले. पण त्या दिवशी जेवणाला उशीर झाल्याबद्दल त्या घरात कोणी काही बोलले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात होडी नसेल. दार असेल, शिलाई मशीन असेल, आजोबांची सायकल असेल. एखादा माणूस म्हणेल, हे हल्ली जड जाते. त्याला पुढच्या रविवारचा वायदा देऊ नका. त्याच दिवशी वस्तू खोला, पुसा, तेल द्या, आणि मग ती त्याच माणसाच्या हातात देऊन शेजारी बसा. बसल्या बसल्या त्याचा हात पाहा. वस्तू बिघडली असेल तर ती बहुतेक वेळा दुरुस्त होते. हाताचे तसे नसते, त्याला वेळेवरच पाहावे लागते. एवढे तुम्ही केलेत, तर मी या भिंतीला टेकून उभे राहिले ते अगदीच वाया गेले नाही असे मला वाटेल.